मोरपंखी, रामा, फिरोजी आणि टील हे सगळे एकच रंग आहेत का? हा निळा-हिरवा रंग मुळात येतो कुठून?

एक नाहीत. रामा हिरव्याकडे झुकतो, फिरोजी उजळ आणि निळसर, मोरपंखी गडद, टील त्याहून काळपट. पण दोन दुकानदार एकाच कापडाला दोन नावं सांगतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, कापडाचा तुकडा मागा.

मूळ म्हणाल तर फिरोजी हा फिरोजा खड्याचा रंग, इराणमधल्या निशापूरच्या खाणींचा खडा नावाजलेला. त्यातल्या तांब्यामुळे तो निळा दिसतो, लोह वाढलं की हिरवट होतो. मोराच्या पिसात तर निळं-हिरवं रंगद्रव्यच नसतं, पिसाच्या बारीक रचनेवरून प्रकाश तसा परततो.

सुताचं मात्र वेगळं आहे आणि त्यावर मी बोलणारच, कारण सोलापुरात पूर्व भागात आमचं डाईंग, म्हणजे सूत रंगवायचं काम होतं. एका पार्टीने जुन्या चादरीचा तुकडा देऊन अगदी हाच मोरपंखी पाहिजे म्हणून ऑर्डर दिली, आप्पांनी अंगणात उन्हात शेड जुळवली, पार्टीच्या माणसाने तिथंच बघून होकार दिला, आणि माल गोडाऊनला गेल्यावर त्या पार्टीच्या शेटजींनी ट्यूबलाईटखाली तुकडा धरून सांगितलं की हा हिरवा मारतोय, पैसे कापणार. आप्पा म्हणाले दारात उजेडात या, दोन्ही धरून बघा. शेटजी गादीवरून उठलेसुद्धा नाहीत. वर म्हणाले, निळ्यात थोडं पिवळं टाकायचं, एवढंही जमत नाही का?

हे वाक्य मला आजही सहन होत नाही. दोन वेगवेगळ्या डाईंनी काढलेली शेड उन्हात तंतोतंत जुळते आणि ट्यूबखाली फुटते, म्हणजे वेगळी दिसते, हे रंगकामातलं जुनं सत्य आहे, त्यात रंगाऱ्याचा दोष नाही. निळ्यावर पिवळं चढवायची पद्धत नीळ आणि हळदीच्या काळातली, आणि हळद उन्हात उडते म्हणून ते हिरवं कापड पुढे निळं पडायचं. आता सुतावर जो टर्क्वाईज वापरतात तो तांब्याच्या थॅलोसायनिनचा. ते रंगद्रव्य 1935 च्या सुमारास बाजारात आलं आणि सुती धाग्याशी पक्का जोड धरणाऱ्या रिॲक्टिव्ह डाई 1956 पासून. याचा रेणू मोठा, धाग्यात सावकाश शिरतो, बाकीचे बरेच रंग 60 डिग्रीला बसतात तर याला 80 लागतं, आणि धुलाईत घाई केली की शेजारच्या पांढऱ्या पट्टीला डाग. शेटजींना यातलं काय माहीत होतं?

त्यामुळे या रंगाचं काही घ्यायचं असेल तर दुकानाबाहेर येऊन उजेडात बघा, मग आत ट्यूबखाली बघा, आणि ऑर्डर देताना कोणत्या उजेडात जुळवायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. रंगाऱ्याचे पैसे कापण्याआधी तर नक्कीच. हे सगळं सुती मालाचं सांगितलं, पॉलिस्टरला डाई वेगळी आणि तापमानही बरंच जास्त, तिथं हा हिशोब लावू नका.