एप्रिलच्या चिखलातले गोल्फ स्कोअर हँडिकॅपसाठी पोस्ट करायचे की मे महिन्यापर्यंत थांबायचं?

पोस्ट करायचे, म्हणजे हँडिकॅपच्या नोंदीत टाकायचे. सगळे.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतेच मिशिगनला आलात, एप्रिलमध्ये कोर्स उघडले पण जमीन अजून पाणी धरून आहे, बॉल पडतो तिथेच रुततो, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) एरेशनची, म्हणजे जमिनीत हवा खेळवायला पाडलेली, भोकं आहेत, आणि उन्हाळ्यात ८७ मारणारे तुम्ही ९४ वर गेलात (गोल्फमध्ये कमी फटके म्हणजे चांगला खेळ). हे स्कोअर टाकले तर हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा; खेळ कच्चा तितका तो मोठा आणि सवलत जास्त) फुगेल आणि जुलैच्या टूर्नामेंटला लोक सँडबॅगर, म्हणजे मुद्दाम हँडिकॅप फुगवणारा, म्हणतील, ही धास्ती. मीही डेट्रॉइटच्याच बाजूला खेळतो. ही चर्चा इथे दर वर्षी फ्रॉस्ट डिले (गवतावरचं दव-बर्फ वितळेपर्यंत थांबवलेला खेळ) संपायची वाट बघत उभं असताना हमखास होते, आणि दर वेळी कोणीतरी ठणकावून सांगतो की "विंटर रूल्समधला (बॉल उचलून पुसून ठेवायची मुभा असतानाचा) स्कोअर धरत नाहीत". धरतात.

आधी तारखेचं बघा. मिशिगनमध्ये स्कोअर पोस्ट करायचा सीझन १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. मार्चमध्ये एखादा रविवार उबदार निघाला आणि तुम्ही कारकिर्दीतला सर्वोत्तम स्कोअर मारलात, तरी तो हँडिकॅपच्या दृष्टीने झालाच नाही असं समजायचं. उलट जानेवारीत फ्लोरिडाला जाऊन खेळलात तर तो टाकावाच लागतो, कारण तिथे सीझन बारा महिने चालू असतो. तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही, खेळलात कुठे याला आहे. म्हणजे हवामानाचा ढोबळ विचार गोल्फ असोसिएशनने तारखा ठरवतानाच केलेला आहे. त्याच्या आत तुम्ही स्वतःचा वेगळा सीझन आखायचा नाही.

एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट होते. थंडीत सोबत यायला कोणी तयार नसतं, म्हणून माणूस ऑफिस सुटल्यावर एकटाच नऊ होल मारून येतो. अमेरिकेत एकट्याने खेळलेला राउंड पोस्ट होत नाही. सोबत कोणीतरी हवं.

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरी भीती तिथे आहे. २०२० पासून लागू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये शेवटच्या २० स्कोअरपैकी सर्वोत्तम ८ ची सरासरी घेतात. समजा कोर्स रेटिंग (तिथे निष्णात खेळाडूला अपेक्षित स्कोअर) ७१.२ आणि स्लोप (सामान्य खेळाडूला कोर्स किती जड जातो त्याचा आकडा) १२८ आहे. ९४ मधून ७१.२ वजा केले की २२.८ राहतात. त्याला ११३ (प्रमाण धरलेला स्लोप) भागिले १२८ ने गुणलं की डिफरन्शियल, म्हणजे सरासरीत धरला जाणारा आकडा, येतो २०.१. तुमच्या ८७ चा येतो १३.९. तुमचा इंडेक्स, म्हणजे त्या आठांच्या सरासरीतून आलेला हँडिकॅपचा आकडा, १५ च्या आसपास असेल तर हा २०.१ पहिल्या आठांत शिरणारच नाही. तो नुसता यादीत बसून राहील.

मग इंडेक्स कधीकधी वाढतो कसा? मेख अशी की नवा स्कोअर आत आला की यादीतला सर्वात जुना बाहेर पडतो. तो जुना जर गेल्या ऑगस्टमधला तुमच्या आठांतला भारी राउंड असेल, तर त्याच्या जागी नववा येतो आणि सरासरी थोडी वर सरकते. लोकांना वाटतं चिखलातल्या ९४ ने हँडिकॅप वाढवलं; खरं तर ऑगस्टमधला ८४ गेल्याने ते वाढलेलं असतं. तो कधीतरी जाणारच होता. ॲपमध्ये विसाव्या नंबरवर कुठला स्कोअर आहे ते एकदा बघून ठेवा, अर्धी काळजी तिथेच मिटेल.

चिखलातला एखादा होल पूर्ण बिघडला तर त्यालाही कुंपण आहे. होलमागे जास्तीत जास्त नेट डबल बोगी धरतात: पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) अधिक २, अधिक तिथे तुम्हाला हँडिकॅपमुळे मिळणारे स्ट्रोक. पार ४ वर तुम्हाला एक स्ट्रोक मिळत असेल आणि तुम्ही १० मारले, तर हँडिकॅपसाठी ७ च लिहायचे.

आणि हवामानासाठी प्रणालीत वेगळी सोय आहेच, तिला पीसीसी (प्लेइंग कंडिशन्स कॅल्क्युलेशन) म्हणतात. त्या दिवशी त्या कोर्सवर ज्यांनी स्कोअर टाकले त्यांची कामगिरी अपेक्षेपेक्षा किती घसरली हे रात्री आपोआप तपासलं जातं, आणि उणे १ पासून अधिक ३ पर्यंत दुरुस्ती लागू शकते. अधिक २ लागली तर तुमच्या त्याच ९४ चा डिफरन्शियल २०.१ वरून १८.४ वर येतो. पण हे गणित चालायला ३६ किंवा त्याखालचा इंडेक्स असलेल्या किमान ८ जणांचे स्कोअर त्या दिवशी हवेत. माझा वैताग इथे आहे. "आज ग्राउंड घाण होतं, कशाला टाकायचा" म्हणून निम्मे लोक घरी जातात, आठ जण भरत नाहीत, दुरुस्ती लागत नाही, आणि तीच मंडळी पुढे म्हणतात की सिस्टिम हवामान बघत नाही! तेव्हा टाकायचा तर त्याच दिवशी, झोपायच्या आधी. उशिरा टाकलात तर लागलेली दुरुस्ती तुम्हाला मिळते, पण ती ठरवताना तुमचा स्कोअर मोजलेला नसतो.

विंटर रूल्सबद्दल इतकंच की बॉल उचलून पुसून ठेवायची परवानगी कमिटीने त्या दिवसासाठी दिलेली असेल तर स्कोअर पूर्ण वैध. पुण्यात पावसाळ्यात खेळला असाल तर हे प्लेसिंग तुम्हाला नवं नाही. चौघांनी पहिल्या टीवर आपसात ठरवलेलं "आज सगळीकडे उचलू या" मात्र चालत नाही. रुतलेल्या बॉलला तर तशीही फुकट सुटका आहे: फेअरवे असो की रफ, एका क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता ड्रॉप. बंकरमध्ये नाही. एरेशनच्या भोकांसाठीही कमिटी लोकल रूल लावू शकते. नसेल लावला तर ग्रीनवर पटने ढकललेला बॉल उड्या मारत जाणार, त्याला इलाज नाही.

सँडबॅगर म्हणायचं तर नियमाने इंडेक्सची वाढही बांधून टाकली आहे. गेल्या ३६५ दिवसांतला तुमचा सर्वात कमी इंडेक्स १५.० असेल, तर १८.० च्या पुढची वाढ निम्मीच धरतात आणि २०.० च्या वर जाताच येत नाही. एप्रिलच्या चार ओल्या राउंडांनी कोणी जुलैची ट्रॉफी पळवत नाही. हँडिकॅप कमिटीच्या डोळ्यात खुपतो तो वेगळाच माणूस: ज्याचे ९५ सगळे टाकलेले आणि ८३ गायब. आणि तुम्ही विचारताय तसे फक्त चांगलेच राउंड टाकत गेलात तर इंडेक्स खोटा खाली राहतो आणि जुलैत स्वतःच्याच खिशातून पैसे देत बसाल.

एक गोष्ट मात्र प्रो शॉपमध्ये विचारूनच घ्या. पूर ओसरलेला नसताना काही होल टेम्पररी ग्रीनवर खेळवतात किंवा टी खूप पुढे आणतात. अठरा होलमध्ये लांबी एकूण १०० यार्डांपेक्षा जास्त बदलली तर रेटिंग आणि स्लोपही बदलून घ्यावे लागतात, आणि ते आकडे तुम्ही मनाने टाकायचे नसतात. काउंटरवर "आजचा स्कोअर नेहमीच्या रेटिंगवर पोस्ट करायचा ना?" एवढं विचारलं की पुरे.