गायरान बंद करायचं का?

प्रश्न : नान्नजजवळच्या गावात आमच्या साठ मेंढ्या आहेत. वडील सांगायचे, गायरानात पवन्या नि मारवेल गुडघाभर असायचं. आता नुसती तरवडाची झुडपं आणि कुसळी गवत. ग्रामसभेत चराई कायमची बंद करायचं घाटतंय. त्यानं जुनं गवत परत येईल का?
— एक मेंढपाळ, उत्तर सोलापूर

उत्तर : हात वर करण्याआधी मेंढीचं तोंड बघा. वरचा ओठ मधोमध चिरलेला, म्हणून ती गवत पार जमिनीलगत खुडते. गाय जिभेनं वेटाळून ओढते, तिला इतकं खाली जमत नाही. मेंढीच्या आवडीचं पवन्या नि मारवेल दरसाल जुन्या ठोंबातून फुटतं, तेही मुळात साठवलेल्या अन्नावर. तो कोंब आषाढातच पुन्हा पुन्हा खुडला गेला की मूळ रिकामं होतं, बी धरायचं तर लांबच. तरवडाला कुणी तोंड लावत नाही. कुसळी कोवळी असते तोवर चालते, पुढे टोचते. जनावरांच्या दवाखान्यात मेंढ्यांच्या ओठांतली कुसळं चिमट्यानं काढण्यात माझे कित्येक हिवाळे गेले! त्या कुसळाला ओल लागली की ते पिळासारखं फिरतं आणि बी मातीत घुसवतं.

जास्त पावसाच्या मुलखात चराईनं उंच गवत दबतं, बारक्या झाडोऱ्याला ऊन मिळतं आणि वनस्पतींच्या जाती वाढतातही. आपल्याकडे पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, वीतभर मातीखाली मुरूम. इथं अति चराईनं जाती सहसा घटतातच. तरी कायमची बंदी मला पटत नाही. वाळल्या गवताचा थर साचून खालचा बारीक झाडोरा गुदमरतो, वणव्याची भीती वेगळीच. आणि तुमच्या साठ मेंढ्या जाणार कुठे? शेजारच्या गावच्या गायरानात!

त्यापेक्षा गायरानाचे तीन भाग पाडा. दरसाल एक भाग मृगापासून बी झडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, राखा. मग तिथं खुशाल चारा. पुढच्या साली दुसरा भाग.

आणि तरवड सरसकट उपटू नका. त्याच्या जाळीत हात घालून बघा (आधी काठीनं चाळवा, साप असतो). मेंढीचं तोंड पोचत नाही तिथं पवन्याचा एखादा ठोंब तगलेला असतो. सापडला तर बी तिथूनच पसरेल. सगळं गायरान धुंडाळून एकही नाही दिसला, तर नुसतं राखून भागणार नाही, बी बाहेरून आणून मृगाआधी फेकावं लागेल.