अमेरिकेतली बंदूक रावेरला आणायची तर

प्रश्न असा आहे: रावेरच्या दादांचा धाकटा भाऊ अमेरिकेतली नोकरी सोडून कायमचा घरी येतोय. त्याच्याकडे तिथं घेतलेली बारा बोअरची बंदूक आणि .३०८ ची रायफल आहे. केळीच्या बागेत रानडुकरांचा फार त्रास आहे, म्हणून दोन्ही आणता येतील का?

दोन्ही येत नाहीत. प्रवासी सामानातून बंदूक आणायला मुळात बंदीच आहे. सवलत आहे ती वास्तव्य बदलून भारतात राहायला येणाऱ्याला, म्हणजे कस्टमवाले ज्याला टीआर म्हणतात त्यांना, आणि तीही एकाच शस्त्राची. शस्त्र परदेशात किमान एक वर्ष स्वतःच्या ताब्यात आणि वापरात असलं पाहिजे, बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास परवानगीचा पाहिजे, भारतातलं चालू लायसन्स हातात पाहिजे आणि शुल्क भरलं पाहिजे. आणलेली बंदूक पुढे हयातभर विकता येत नाही, कुणाला उसनीही देता येत नाही. ही शेवटची अट लोक वाचतच नाहीत.

रायफलीचा विषय इथंच संपतो. .३०८ च्या नळीत लष्करी ७.६२ ची काडतुसं बसतात, म्हणून शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ती पहिल्या वर्गात, बोलीभाषेत पीबीमध्ये (प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेला बोअर) जाते. त्या वर्गाचं लायसन्स जिल्हाधिकारी देत नाहीत, ते केंद्रीय गृह खात्याकडे जातं. शेताच्या राखणीसाठी ते मिळेल अशी आशा धरू नका.

बारा बोअरचीही आधी टेप लावून नळी मोजा. अमेरिकेत नळी किमान १८ इंचांची असली की चालते आणि घरात ठेवायच्या पुष्कळ बंदुका साडेअठरा इंचांच्याच असतात. आपल्याकडे २० इंचांपेक्षा आखूड नळीची आतून गुळगुळीत नळीची, म्हणजे बारा बोअरसारखी, बंदूकही पहिल्या वर्गात मोडते. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी असेल तर नळी कितीही लांब असो, तोच वर्ग. म्हणजे सव्वीस-अठ्ठावीस इंची दुनळी असेल तरच पुढचं वाचा. नंबर आणि कंपनीचं नाव बंदुकीवर स्पष्ट वाचता येतंय ना, तेही बघा. घासलेला नंबर म्हणजे थेट गुन्ह्याचा संशय.

आता तिकडची बाजू. भाऊ एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल तर तिथल्या संघराज्य कायद्याने त्याला बंदूक बाळगायलाच मनाई आहे, शिकारीचं वैध लायसन्स असणं हा मुख्य अपवाद. ते नसताना घेतलेली बंदूक "एक वर्ष ताब्यात होती" असं कागदावर सांगणं म्हणजे स्वतःच्याच विरोधात पुरावा देणं. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. खरेदीची पावती जपा, वर्ष त्यावरूनच मोजलं जातं आणि कस्टममध्ये किंमतही त्यावरूनच ठरते. बंदूक तिथून कायमची बाहेर नेण्याला तिथल्या वाणिज्य खात्याचे निर्यात नियम लागतात, ते आधी निस्तरा. दुबई-दोहामार्गे विमान बदलणार असाल तर त्या देशाची वेगळी परवानगी लागते. म्हणून थेट मुंबईचं तिकीट काढलेलं बरं.

सगळ्यात जास्त घोळ लायसन्समध्ये होतो. ते विमानात बसण्याआधी हवं. अर्ज ऑनलाइन, एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर, जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलीस पडताळणी गावच्या पत्त्यावर होते, आणि कित्येक वर्षं बाहेर असलेल्या माणसाबद्दल पोलीस पाटील काय सांगणार? म्हणून एका भेटीत येऊन अर्ज, प्रशिक्षणाचा दाखला आणि पडताळणी उरकायची, आणि परत जायचं. पण त्या भेटी लांबवू नका. टीआर ठरवताना मधल्या भारतभेटींचे दिवसही मोजतात. सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांमुळे आपल्याकडचे पोलीस शस्त्राच्या अर्जाकडे जरा जास्तच बारकाईने बघतात, त्यात त्यांचं चुकत नाही.

रावेर-यावलकरांसाठी आणखी एक अट आहे. यावल अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत घर असेल तर नव्या लायसन्सला मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. वन्यजीव कायदा १९७२, कलम ३४. हा कागद अर्जाबरोबर नसला की फाइल टेबलावरच पडून राहते. शिरपूरकडच्या अनेर अभयारण्यालाही हेच लागू.

विमानात बंदूक रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर जाहीर करून. काडतुसं पन्नासच्या आत, वजन पाच किलोच्या आत. मुंबईत उतरल्यावर रेड चॅनल, म्हणजे सामान जाहीर करायची कस्टमची रांग, लायसन्स आणि पावती हातात. कागदात काही कमी पडलं तर वाद घालू नका. सामान खरं जाहीर केलेलं असेल तर कस्टम कायद्याच्या कलम ८० खाली ते ताब्यात ठेवून परत जाताना द्यायची सोय आहे. लपवलं तर जप्ती, आणि वर शस्त्र कायद्याचा खटला.

माझं मत विचाराल तर दुनळी तिकडेच विकून टाका. शुल्क भरून, हयातभर विकता न येणारी बंदूक आणण्यापेक्षा इथल्या डीलरकडची स्वस्त पडते, आणि खडकीच्या कारखान्यात बनणारी बारा बोअरची काडतुसं दोन्हींत सारखीच चालतात. शिवाय लायसन्स मिळालं म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही, त्यासाठी वन खात्याकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो. शेत राखायचंच असेल तर आधी तो अर्ज टाका.