लिनक्सवर जावा वेब: सुरुवातीला एवढंच करा

भाऊ, चोपड्यासारख्या गावात बसूनही हे सगळं नीट जमतं. उबुंटू लिनक्स टाकलंत ना, मग निम्मं काम झालं.

आधी जेडीके, म्हणजे जावात प्रोग्राम बनवायचा पूर्ण संच. बरेच जण नुसतं जेआरई (जावा चालवायचा भाग) टाकतात. त्याने प्रोग्राम चालतो, पण कंपाइल होत नाही. ओपनजेडीके १७ घ्या आणि टर्मिनलवर जावासीची (जावाच्या कंपाइलरची) आवृत्ती बघा.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती टॉमकॅटवर, म्हणजे जावा वेब प्रोग्राम चालवणाऱ्या सर्व्हरवर. जुन्या नोट्समधले इम्पोर्ट 'जावाएक्स'ने सुरू होतात, टॉमकॅट १० पासून ते 'जकार्ता' झालेत. जुना कोड नव्यावर चढवला की सर्व्हलेट (ब्राउझरला उत्तर देणारा जावा क्लास) सापडतच नाही, नुसता ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. नोट्स जुन्या असतील तर सरळ टॉमकॅट ९ घ्या.

आणखी दोन गोष्टी:
- टॉमकॅट होम फोल्डरमध्येच ठेवा, सुडोने (अ‍ॅडमिनच्या हक्काने) चालवू नका. फाइली रूटच्या (अ‍ॅडमिन युजरच्या) मालकीच्या झाल्या की परमिशनची कटकट पाठ सोडत नाही.
- मेव्हन (प्रोजेक्ट बिल्ड करायचं साधन) पहिल्यांदा ढीगभर जार, म्हणजे लायब्ररीच्या फाइली, उतरवतं. गावात नेटचा भरवसा नसेल तर जळगावला गेल्यावर ते उरकून घ्या; मग तेवढ्यावर ऑफलाइनही काम होतं.

डॉकर, स्प्रिंग असली पुढची साधनं आत्ता नको. एक सर्व्हलेट ८०८० पोर्टवर दिसू द्या. अडलात तर लॉग्जमधली कॅटलिना डॉट आउट उघडा, 'कॉज्ड बाय'ची ओळ शोधा आणि ती पूर्ण वाचा.