वाघ कबूल करू नका

प्रश्न : काकू, आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. मागच्या हिवाळ्यात उमरेड-कऱ्हांडल्याला सफारी केली, पण वाघ दिसला नाही. मुलगी उमरेडपासून घरापर्यंत रडत आली आणि धाकट्याने जिप्सीत सगळ्यांना हैराण केलं. आता डिसेंबरात सासू-सासऱ्यांना घेऊन पुन्हा जायचं चाललं आहे. हे म्हणतात, या वेळी ड्रायव्हरच्या हातावर थोडे जास्त पैसे ठेवू आणि वाघ दाखवच म्हणू. लेकरांना न्यावं की अजून थांबावं?

उत्तर : मुलीला नक्की न्या. धाकट्याला मात्र या वेळी जिप्सीत बसवू नका. सकाळची फेरी म्हणजे तीन-चार तास उघडी गाडी, खाली उतरायची मुभा नाही आणि डिसेंबरातला पहाटेचा वारा. तीन वर्षांच्या लेकराने तेवढा वेळ गुमान बसावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो हैराण करत नव्हता हो, तो थंडीने आणि कंटाळ्याने बेजार झाला होता. त्याला आजी-आजोबांबरोबर नागपूरच्याच गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात पाठवा. तिथली सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. बंद बसमधून वाघ, बिबट, अस्वल, नीलगाय दिसतात आणि फेरी लवकर आटोपते. कुंपणातला वाघ आणि रानातला वाघ एक नव्हे, हे खरंच. पण तीन वर्षांच्या डोळ्यांना तेवढं पुरतं, आणि सासूबाईंच्या कमरेलाही धक्के बसणार नाहीत.

आता मुलीच्या रडण्याचं. तिला घरून निघताना काय सांगितलं होतं, ते आठवा. "चल, वाघ बघायला जाऊ," असंच ना?

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पहिल्यांदा सहावीचा वर्ग नागझिऱ्याच्या जंगलात नेला, तेव्हा मीही हेच सांगितलं होतं. वाघ दिसला नाही आणि परतीच्या बसमध्ये चाळीस मुलं तोंड पाडून बसली. त्याच सकाळी रस्त्याच्या कडेला एक रानगवा इतका जवळ उभा होता की त्याच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ दिसत होती. तो कुणाच्या हिशेबातच धरला गेला नाही. चूक मुलांची नव्हती, माझी होती. त्या दिवसापासून मी वाघ कबूल करणं सोडलं. जे हमखास भेटणार, तेच कबूल करायचं.

ऐनाचं झाड हमखास भेटतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, चौकोनी खवल्यांची आणि खोल भेगांची. माझा नातू सहा वर्षांचा असताना गेटबाहेर कागदपत्रं तपासून होईपर्यंत मी त्याला एका ऐनापाशी नेलं. त्याने भेगेत बोट घातलं, ते पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. "आजी, याला दुखतं का?" म्हणाला. मी सांगितलं, ही जाड साल म्हणजे त्याचं चिलखत, वणव्यात खोड वाचतं ते हिच्यामुळे. मग आत गेल्यावर तो ऐनच मोजत बसला. एकशे बारापर्यंत गेला होता. पुढे सांबर आडवं आलं आणि आकडा चुकला, त्याचंच त्याला वाईट वाटलं.

तुमच्या मुलीला कुल्लूही दाखवा. पानं गळली की पांढरंफटक खोड उठून दिसतं, गाईड त्याला भुताचं झाड म्हणतात. आणि वानरं दिसली की झाडाखाली बघायला सांगा. वानरं वर पाला खातात, बराचसा खाली सांडतात, तो वेचायला चितळं जमलेली असतात. वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाचं नाक तिखट. दोघांपैकी कुणीही ओरडलं तरी दुसरं सावध होतं. या सावध करणाऱ्या ओरडण्यालाच कॉल म्हणतात. गाईड म्हणाला, "कॉल चालू आहे," की इंजिन बंद करायला लावा आणि दहा मिनिटं नुसतं ऐका. वाघ आलाच तर त्याची वर्दी तुमच्या मुलीने स्वतःच्या कानांनी ऐकलेली असेल.

जाताना गाडीत तिला जयची गोष्ट सांगा. नागझिऱ्याचा हा वाघ २०१३ मध्ये शेतं, रस्ते आणि वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याला आला. हे अभयारण्य जाहीर होऊन तेव्हा जेमतेम वर्षच झालं होतं. २०१६ पासून तो दिसलाच नाही. मुलं विचारतात, "कुठे गेला?" ठाऊक नाही, असं खरंखुरं सांगावं.

तुमच्या मिस्टरांना एक निरोप. ३१ डिसेंबर २०२४ ला याच अभयारण्यात गोठणगावकडे पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवून धरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाईडवर कारवाई झाली. ड्रायव्हरला जास्तीचे पैसे देऊन "दाखवच" म्हणणं इथवर जातं. तीही लेकरांची आईच होती हो. कृपा करून पैसे देऊ नका.

बाकी किरकोळ : चूं चूं वाजणारे बूट आणि भडक जाकीट घरी ठेवा. कानटोपी आणि घोंगडी घ्या. निघताना पेलाभर दूध पाजू नका, आणि गेटवर शी-शू उरकल्याशिवाय जिप्सीत चढू नका. डबा बाहेर आल्यावरच उघडा.

प्रश्न : पेंचला जाताना रामटेकला थांबलो. सासऱ्यांनी गडावरच्या वानरांना नातवाच्या हाताने बिस्किटं दिली. मी अडवलं तर म्हणाले, हनुमानाला दिलेलं पुण्याचं असतं. मी चुकले का?

उत्तर : नाही. वानराचं पोट पाला पचवायला बनलेलं असतं. त्यात अनेक कप्पे असतात आणि आतले जिवाणू पाला आंबवतात. बिस्किटातली साखर आणि मैदा त्यात गेला की ती घडी विस्कटते. शिवाय हातचं खायची सवय लागलेलं वानर पुढच्या लेकराच्या हातातून हिसकावून घेतं, ओरबाडतं. अभयारण्यात तर खायला देण्यावर बंदीच आहे. सासऱ्यांशी वाद घालू नका. पुढच्या खेपेला नातवाला त्यांच्या मांडीवर बसवा आणि वानर चिंचेची कोवळी पानं कशी ओरबाडून खातं, ते दोघांना लांबून बघू द्या. बिस्किटाचा पुडा तुमच्या पिशवीत, चेन लावून.