बेदरकार गाडी चालवणाऱ्यांना कडक शिक्षा केली तर अपघात कमी होतील का?

दंड दहापट करा, थेट आत टाका, मग बघा कसे सुतासारखे सरळ होतात, असं तुम्ही म्हणताय. होतील की, थोडे दिवस. आपण सापडत नाही हे कळलं की पुन्हा जैसे थे.

माझंच सांगतो. माझ्या रोजच्या रस्त्यावर वेग टिपणारा कॅमेरा आहे. खांब दिसला की माझा पाय ब्रेकवर, पुढच्या सगळ्या गाड्यांचेही लाल दिवे एकदम पेटतात. खांब मागे पडला की पुन्हा सुसाट. तिथे दंड किती होतो ते मला आजही ठाऊक नाही. खांब कुठे आहे ते मात्र पाठ आहे.

ब्रिटनने १९६७ साली चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलला मर्यादा घातली आणि पोलीस तोंडात नळी देऊन फुंकायला लावू लागले. अपघात धाडकन घटले. मग तपासणी क्वचितच होते हे लोकांना उमगलं आणि धाक ओसरत गेला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १९८२च्या डिसेंबरपासून संशय असो-नसो, गाड्या थांबवून सरसकट तपासणी चालवली. तिथली घट टिकली.

शिक्षा वाढवू नये असं नाही. पैसेवाल्याला दंड म्हणजे पार्किंगच्या पावतीसारखा, म्हणून फिनलंडमध्ये वेगमर्यादा फारच ओलांडली तर दंड उत्पन्नाच्या हिशेबाने लावतात. मला तो प्रकार पटतो. त्याहून जास्त पटतं लायसन्स काढून घेणं. ब्रिटनमध्ये बेफाम गाडी चालवून कुणाचा जीव घेतला तर २०२२पासून जन्मठेपही होऊ शकते. गेलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी ते योग्यच. पण मेसेज वाचायला मान खाली घालणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी जन्मठेप नसते. साठच्या वेगात तीन सेकंद मोबाइलकडे बघितलं तर गाडी पन्नास मीटर आंधळी धावते, हेही त्याच्या डोक्यात नसतं.

त्यामुळे मला विचाराल तर आधी सरासरी वेग मोजणारे कॅमेरे लावा. दोन ठिकाणी नंबर टिपायचा, मधलं अंतर किती वेळात कापलं ते बघायचं, की झालं. त्यांच्यापुढे माझी खांबाची हुशारी चालत नाही.