हेडफोनवर जास्त स्वच्छ ऐकू येतं, मग मैदानात कशाला जायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: आवडत्या रॉक बँडला प्रत्यक्ष ऐकण्यात खरंच काही वेगळं असतं का, की तेवढ्याच पैशात चांगले हेडफोन घेऊन घरी ऐकणं शहाणपणाचं?

नुसता आवाज स्वच्छ हवा असेल तर घरीच बसा. उघड्या मैदानात वारा सुटला की गिटारचे वरचे सूर इकडेतिकडे भरकटतात आणि ड्रमचा दणका मात्र छातीत बसतो. मागे उभं राहिलात तर ड्रमवर काठी पडताना आधी दिसते, आवाज मागून येतो. शंभर मीटरवर हा फरक सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो आणि तो चांगलाच जाणवतो. तरीही मी जाच म्हणेन. का, ते आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या माझ्या अनुभवावरून सांगते.

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, बांद्रा-कुर्ला संकुलातलं मैदान. त्याआधी २००७ च्या मार्चमध्ये ते बंगलोरला येऊन गेले होते, पण तेव्हा माझं जाणं जमलं नव्हतं. या वेळी मात्र त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईपासून होती. अशा बँडचं सामान एरवी ट्रकमधून एका देशातून शेजारच्या देशात जातं, त्यामुळे आपल्यासारखे वाटेबाहेरचे देश वगळले जायचे. या दौऱ्यासाठी त्यांनी बोइंग ७५७ विमान घेतलं, मागच्या खुर्च्या काढून तिथे सामान भरलं आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतःच वैमानिक झाला. तो परवानाधारक वैमानिक आहे, हौशी नव्हे. लंडनहून मुंबई, मुंबईहून ऑस्ट्रेलियात पर्थ, असं करत दीड महिना ते फिरले.

मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. "ताई, चप्पल नको, बूट घाल," असं धाकट्या भावानं बजावलं होतं, आणि ते बरंच झालं. कुर्ल्याला उतरल्यावर काळे टी-शर्ट दिसायला लागले, मग रस्ता विचारावा लागला नाही. मैदानात धूळ, पाण्यासाठी रांग, बायका अगदी मोजक्या. या गोष्टींवर अजून लिहिता येईल, पण तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही.

सुरुवात चर्चिलच्या ध्वनिमुद्रित भाषणानं होते, कारण पहिलं गाणं १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईचं आहे. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या माणसाची नात चर्चिलचा आवाज ऐकून टाळ्या वाजवत होती. आजोबांना हे मी कधीच सांगितलं नसतं. (पुढच्या वर्षी या दौऱ्यावर माहितीपट निघाला, त्यात हे पहिलं गाणं मुंबईचंच आहे.) गायकासाठी हे गाणं अवघड. गळा तापायच्या आत त्याला अगदी वरच्या पट्टीत जावं लागतं. डिकिन्सन तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता आणि ते गात असतानाच तो स्पीकरवरून उड्या मारत होता.

आता हेडफोनचा मुद्दा. मेडनमध्ये गिटारवाले तीन. घरी ऐकताना मला ती तीन गिटारं म्हणजे एकच जाड आवाज वाटायची. कुठे एक संपून दुसरं सुरू होतं ते कळायचं नाही. समोर पाहिल्यावर कळलं की डेव्ह मरेचा सूर गुळगुळीत घसरत जातो आणि एड्रियन स्मिथचा तुटक, विचार करून ठेवल्यासारखा येतो. एकाची बोटं थांबली की दुसऱ्याची चालू होतात. स्टीव्ह हॅरिस बास गिटार बोटांनी वाजवतो, पिक (तारा छेडायची पट्टी) वापरत नाही. घोडा दौडावा तशी त्यांच्या गाण्यांची जी चाल आहे ती त्या बोटांतून येते. शिवाय प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द तो माइक नसताना तोंडानं म्हणत असतो. निको मॅकब्रेन ड्रमच्या ढिगाऱ्यामागे जवळजवळ दिसतच नाही, पण तो अनवाणी वाजवतो हे ठाऊक असल्यानं मी उगाच पाय शोधत राहिले. त्या रात्रीनंतर मी जुने अल्बम ऐकते तेव्हा कोण काय वाजवतंय ते ऐकू येतं. हेडफोन तेच आहेत.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. घरी नको तो भाग गाळून पुढे जायची सोय असते, तिथे नसते. इंग्रज कवी कोलरिजच्या १७९८ च्या, खलाशी आणि अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या कवितेवर हॅरिसनं १९८४ साली तेरा मिनिटांहून मोठं गाणं केलं. मला ती कविता बी.ए.ला होती, म्हणून गाणं आवडायचं, पण त्याचा मधला भाग मी कायम गाळून पुढे जायचे. जहाज वाऱ्याविना अडकलेलं असतं, तिथे संगीतही जवळजवळ थांबतं. फक्त बासचे चार सूर, लाकूड कुरकुरल्याचा आवाज आणि कवितेतल्या ओळी. हे गाणं त्यांनी वीसेक वर्षं मंचावर वाजवलं नव्हतं. दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम असल्यानं गाण्यांची यादी आधी नेटवर पाहून येण्याचा प्रश्नच नव्हता. ऐंशीच्या दशकातली गाणी असणार एवढंच जाहीर होतं. गाणं सुरू झालं, भावानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा झाला.

मधला भाग आला. मंचावर धूर, डिकिन्सन फाटक्या झग्यात. हजारो लोकांसमोर इतकं कमी वाजवायची हिंमत लागते. विलंबित ख्यालात गवई एका स्वरावर थांबतो आणि समोरच्यानं हलू नये अशी अपेक्षा करतो, तसंच काहीसं. लोक थांबलेही. मग खालून ड्रम चढत गेला, गिटारं परत आली, आणि तो चढ इतका मोठा का आहे ते मला तेव्हा उमगलं. आधीची शांतता भोगल्याशिवाय तो चढ लागतच नाही. मी कित्येक वर्षं नेमका तोच भाग गाळत होते.

बाकी जे असतं ते होतंच: ओळखीची गाणी सगळ्यांनी मिळून ओरडून म्हटली, त्यांचं बोधचिन्ह असलेला राक्षसी एडी मंचावर चालत आला. मजा आली, पण यासाठीच जायला हवं असं मी म्हणणार नाही.

जायचं ठरवलंत तर ध्वनी सांभाळणाऱ्यांचा चौथरा मैदानात मधोमध कुठे आहे ते बघा आणि त्याच्या आसपास उभे राहा. आवाजाचा तोल ते तिथे ऐकूनच लावतात, म्हणून तिथला आवाज सगळ्यात बरा. अगदी पुढे चेंगराचेंगरी जास्त आणि गाणाऱ्याचा आवाज कमी. कानात घालायचे बोळे न्या, लाजू नका. तीन दिवस कान वाजत राहण्यापेक्षा बरं.

आणि एक. निको मॅकब्रेनला २०२३ साली पक्षाघाताचा झटका आला, त्यातून सावरून तो परत दौऱ्यावर आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोच्या कार्यक्रमानंतर दौऱ्यांतून निवृत्त झाला. त्याच्या जागी आता सायमन डॉसन वाजवतो. तुमचा बँड कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यातली मंडळी साठीच्या पुढची असतील तर तिकीट आत्ता काढा, हेडफोन पुढच्या दिवाळीला घेता येतील.